रात्री टॉर्च मारला की खडकातून काय काय निघतंय! ओळखायला मदत करा (खाऱ्या पाण्याचा टँक, कोल्हापूर)

राजारामपुरी_रीफ
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचे टँक बरीच वर्षं केले, खाऱ्या पाण्यात पहिल्यांदाच उतरलोय. टँक 3 बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण 190 लिटर, खाली छोटा संप, म्हणजे पाणी गाळायची टाकी. लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत जीवजंतूंसकट येणारा समुद्री खडक, मुंबईहून मागवला. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यातून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आला, सकाळी तावडे हॉटेलपाशी उतरवून घेतला. खडक लावून पाणी निवळल्यावर दोन क्लाउन मासे सोडले.

दिवसा टँक एकदम गुणी. रात्री लाइट बंद करून लाल कागद लावलेला टॉर्च मारला तर आत वेगळाच बाजार भरलेला. एका फटीतून गुलाबी-नारिंगी रंगाचा लांबडा किडा अर्धा बाहेर, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुबके. दोन ठिकाणी तपकिरी, जरा पारदर्शक फुलं, काडी लावली की गप्पकन आत. केसाळ पायांचा, काळ्या नांग्यांचा खेकडा. खडकाला चिकटलेल्या कडक नळ्या, त्यातून कोळिष्टकासारखे धागे निघतात. काचेवर नखाएवढे पांढरे तारे, त्यांचे पाय कमी-जास्त लांबीचे. आणि अधूनमधून टक्, टक् असा आवाज.

आज सकाळी एक क्लाउन दिसेना. शोधला तर खडकामागे, आणि त्याच्या अंगावर तेच केसाळ किडे लगडलेले. घरात "ओत ते सगळं गटारात" सुरू झालंय. यातल्या कोणी मारला मासा?

सांगलीचा_संप
खुनाचा तपास सुरू! फोटो टाका राव, फोटोशिवाय साक्ष ग्राह्य धरत नाही इथं.

पैलवान_ॲक्वा
भावा, येवढं काय टेन्शन घेतोयस? खडक बाहेर काढ, मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात घाल. सगळी किडं मरत्यात. विषय कट.

ताराराणी_चौक
पैलवान, हा सल्ला कृपया मागे घ्या. आणि इथं वाचणाऱ्या कुणीही लाइव्ह रॉक घरात उकळू नका.

समुद्री खडकावर झोअँथिड नावाचे चकत्यांसारखे मऊ प्राणी असतात. त्यांच्यातल्या पॅलिथोआ गटात पॅलिटॉक्सिन हे विष सापडतं, आणि प्राणिजगतातल्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते. खडक उकळला की ते वाफेच्या थेंबांबरोबर हवेत येतं. परदेशात अशा प्रकारे अख्खी कुटुंबं दवाखान्यात दाखल झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ताप, कोरडा खोकला, छाती आवळणं, अंगदुखी. त्यावर उतारा नाही, लक्षणांवर उपचार करत बसावं लागतं. गरम पाण्याच्या धारेनं खडक घासणं हाही तोच प्रकार. कधी घासायचाच झाला तर थंड खाऱ्या पाण्यात बुडवलेला ठेवून, हातमोजे आणि चष्मा घालून.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून जरा जोरात बोलले.

पैलवान_ॲक्वा
मॅडम, मागं घेतला. आमच्यात गोड्या पाण्याचे दगड उकळायची सवय, त्यामुळं बोललो.

खारट_पाणी
राजारामपुरी, किड्यांना आधी निर्दोष सोडा, मग बोलू.

तुम्ही लिहिलंय तो ब्रिसल वर्म. प्रत्येक वळ्याच्या दोन्ही कडांना पांढरे झुबके, अंग गुलाबी ते नारिंगी. आपल्या हिंदी महासागरातल्या खडकांबरोबर युरीथोई जातीचे बरेच येतात. हा सफाई कामगार आहे. उरलेलं खाणं, मेलेली गोगलगाय, फटीत कुजणारं काहीही तो खातो, आणि आपला हात जिथं पोचत नाही तिथं पोचतो. धडधाकट क्लाउन पकडणं त्याच्या आवाक्यातलं नाही. तुम्हाला तो माशावर दिसला कारण मासा आधीच मेलेला किंवा मरायला टेकलेला होता. बहुतेक नवे लोक सकाळी हेच दृश्य बघतात आणि टँकमधला सर्वांत कामाचा प्राणी चिमट्यानं काढून फेकतात.

फक्त उघड्या हातानं धरू नका. ते केस काचेच्या तंतूंसारखे कातडीत मोडतात, दिवसभर चुरचुरतं. टोचलेच तर आधी चिकटपट्टी लावून ओढून काढायचे, मग व्हिनेगर. चोळायचं नाही.

याचा एक भाऊबंद मात्र खरा दरोडेखोर: युनिसिड. त्याच्या डोक्यावर 5 मिशा असतात, अंग गडद आणि टॉर्चमध्ये इंद्रधनुषी चमकतं, केसांचे झुबके उठून दिसत नाहीत. बॉबिट वर्म म्हणून व्हिडिओंत गाजलेला, तो याच घराण्यातला. तो मोठा होतो आणि कोरल, शिंपले, मासे कुरतडू शकतो. पण तुम्ही केलेलं वर्णन त्याचं नाही.

आता खरा प्रश्न. पाण्याची टेस्ट केलीत का? अमोनिया किती, नायट्राइट किती? आणि खडक टाकल्यावर किती थांबून मासे सोडले?

राजारामपुरी_रीफ
दादा, आत्ताच केली. अमोनिया 0.5 दाखवतोय, नायट्राइट पण थोडा आहे. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025 (विशिष्ट घनता), तापमान 27. मासे सोडायची घाई झाली खरी. मला वाटलं लाइव्ह रॉकवर जीवाणू आधीच असतात, त्यामुळं लगेच चालतं.

खारट_पाणी
सापडला खुनी.

लाइव्ह रॉकवर जीवाणू असतात, बरोबर. पण त्यावर आणखी बरंच काही असतं: स्पंज, नळीवाले किडे, छोटे शिंपले, शेवाळ. रात्रभर ट्रॅव्हल्सच्या डिकीत ओल्या कागदात राहिल्यावर यातलं निम्मं मरायला लागतं. स्पंज तर हवेत आला की बहुतेक गेलाच. हे सगळं तुमच्या टँकमध्ये सडतंय, आणि त्याचा अमोनिया माशाला लागतोय. गोड्या पाण्यात 0.5 वर पुष्कळ मासे तग धरतात, इथं तो हिशोब चालत नाही. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4, आणि पीएच जितका वर तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. त्यात 27 अंश.

मी कायम सांगतो, खडकातून जिवंत आलेल्या पाहुण्यांपेक्षा वाटेत मेलेले पाहुणे जास्त मासे मारतात. लोक रात्री टॉर्च घेऊन खेकडा शोधत बसतात आणि खडकाच्या खालच्या बाजूला सडणारा स्पंज तसाच राहतो.

आज करायचं ते असं. उरलेला क्लाउन कुणाच्या तरी चालू टँकमध्ये हलवा. सापडला नाही तर बादलीत नवीन खारं पाणी, हीटर, एअर स्टोन आणि रोज पाणी बदल. खडक एकेक करून बाहेर काढा आणि नाकानं वास घ्या. निरोगी खडकाला किनाऱ्याचा वास येतो. कुजक्या अंड्याचा वास आला किंवा पांढरट, राखाडी बुळबुळीत थर दिसला की तो भाग खाऱ्या पाण्यातच जुन्या टूथब्रशनं काढून टाका. मॅडमनी सांगितलेले हातमोजे आणि चष्मा विसरू नका. मग 30 टक्के पाणी बदला. नवीन पाणी आरओचंच, मीठ घालून निदान रात्रभर पंपावर फिरवलेलं. टँकमध्ये खाणं टाकणं बंद.

सांगलीचा_संप
क्लाउन ठेवायला माझा टँक आहे, पण सांगलीपर्यंत येताना अंकली पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकला तर तुमच्या माशाचा अंत मला बघवणार नाही.

पैलवान_ॲक्वा
मंगळवार पेठेत माझा 2 फुटी खाऱ्याचा टँक आहे, वर्षभर चालू. आण रं संध्याकाळी. पिशवीत आण, बाटलीत नको.

राजारामपुरी_रीफ
आणतो भावा, उपकार झाले. तोवर तो टक् टक् आवाज कसला ते कुणीतरी सांगा. रात्री बाहेरच्या खोलीत ऐकू येतोय.

रत्नागिरीकर
आमच्याकडे ट्रॉलरच्या जाळ्यात मँटिस श्रिम्प ढिगानं येतं, त्यामुळे ते चांगलंच परिचयाचं आहे. पण टँकमधल्या टक् टक् आवाजाचे दोन धनी असू शकतात आणि दोघांचं वागणं अगदी वेगळं.

पहिला पिस्तुल कोळंबी. तिची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी. ती झटक्यात मिटते तेव्हा पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि फुटतो, आवाज त्या बुडबुड्याचा. ही बिळातच राहते, फारसं कुणाचं नुकसान करत नाही.

दुसरा मँटिस. त्याचे डोळे देठावर, सुटे सुटे फिरणारे. पुढचे पाय प्रार्थना कीटकासारखे घडी घातलेले. यात दोन प्रकार, भाल्यासारखा टोचणारा आणि हातोड्यासारखा ठोसा मारणारा. पीकॉक मँटिसच्या ठोशाचा वेग सेकंदाला 23 मीटरपर्यंत मोजला गेलाय. खडकातून येतात ते लहान असतात, पण गोगलगायी, खेकडे, छोटे मासे एकेक करून गायब होतात. सकाळी फुटलेले शंख दिसले तर संशय याच्यावर.

आवाज ज्या खडकातून येतो तो खडक कानानं शोधा. तो दगड उचलून बादलीवर धरा आणि भोकात बाटलीतला, प्यायचा साधा सोडा ओता. गोड नाही, साधा. जो कोण असेल तो बाहेर पडतो. सोडा टँकमध्ये जाऊ द्यायचा नाही.

ताराराणी_चौक
सोड्याऐवजी जास्त खारट पाण्याची बुडीही चालते. बादलीत 1.035 च्या आसपास पाणी करायचं, खडक काही मिनिटं बुडवून हलवायचा. खेकडे, मँटिस, किडे बरेच बाहेर पडतात. बादलीच्या तळातून काय ठेवायचं, काय नाही ते निवडा. साध्या गोड्या पाण्यात मात्र खडक बुडवू नका, त्यानं चांगले-वाईट सगळेच मरतात आणि खारट_पाणी म्हणाले तोच अमोनिया पुन्हा वाढतो. बादलीत शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख दिसला तर तो हातात घ्यायचा नाही. कोन स्नेलचा दंश माणसालाही महागात पडतो.

तुमचे पांढरे तारे म्हणजे ॲस्टेरिना. ते स्वतःचे तुकडे करून वाढतात, म्हणून एका बाजूचे पाय आखूड. बहुतेक जण काचेवरचं शेवाळ खातात. फार वाढले तर काढा, नाहीतर राहू द्या.

राजारामपुरी_रीफ
ती फुलं? ती तर छान दिसतायत, ठेवू का?

खारट_पाणी
नका ठेवू. ती ऐप्टॅसिया, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी (ॲनिमोन). तुमच्या यादीत मला खरी काळजी त्यांचीच. आज दोन आहेत, लाइट आणि खाणं मिळालं की खडकभर होतात, आणि शेजारच्या कोरलला डंख मारून जागा खातात.

महत्त्वाचं म्हणजे ती ओरबाडायची नाहीत, ब्रशनं घासायची नाहीत, चिमट्यानं तोडायची नाहीत. तळपायाचा कण जरी खडकावर राहिला तरी त्यातून नवीन उगवते. एकाची पाच होतात. खडक घासताना ती जागा सोडून घासा.

उपाय चुन्याचा. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट करायची, सिरिंजमध्ये भरायची, पंप बंद करून फुलाच्या तोंडावर हळूच सोडायची. ते गिळतं आणि आतून जळतं. थोड्या वेळानं पंप चालू. एका वेळी दोन-तीनच करा, कारण चुन्यानं पीएच चढतो, आणि तुमच्याकडे अमोनिया असताना तर अजिबातच नाही. अमोनिया शून्य झाल्यावरच हात घाला.

सांगलीचा_संप
पानाचा चुना चालेल का? आमच्या गल्लीत ढीग आहे.

खारट_पाणी
रसायन तेच, पण टपरीवरच्या पुडीत आणखी काय मिसळलंय ते कोण सांगणार? शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या, रसायनांच्या दुकानात मिळतं. डोळ्यात उडू देऊ नका, चुना डोळ्याला फार वाईट.

पुढे पेपरमिंट श्रिम्प मिळालं तर ठेवा, छोटी ऐप्टॅसिया खातं. बेर्गिया नावाची समुद्री गोगलगाय फक्त ऐप्टॅसियावरच जगते, पण ऐप्टॅसिया संपली की ती उपाशी मरते. कॉपरबँड बटरफ्लाय मासाही खातो, पण तो नव्या टँकमध्ये आणून मारू नका.

रत्नागिरीकर
धागे सोडणाऱ्या नळ्यांवर कुणी बोललं नाही. त्या व्हर्मेटिड गोगलगायी. शेंबडाचं जाळं सोडून पाण्यातले कण पकडतात. जाळं कोरलवर पडलं की कोरल आक्रसतं. नळी थोडी मोडून तोंडावर फेविक्विक जेलचा थेंब लावून बुजवा. खाणं कमी केलं की त्याही कमी होतात.

पैलवान_ॲक्वा
आणि खेकडा? तो मोठा झाला की रस्सा करायचा, बरोबर भाकरी.

ताराराणी_चौक
तेही नको! प्रवाळ खडकांवरच्या काळ्या नांग्यांच्या झँथिड खेकड्यांपैकी काही जाती विषारी असतात. त्यांच्यात सॅक्सिटॉक्सिन किंवा टेट्रोडोटॉक्सिन असतं आणि ते शिजवून जात नाही. बाजारातली चिंबोरी वेगळी, हा वेगळा.

ओळखायला नांगीचं टोक बघा. चमच्यासारखं बोथट असेल तर बहुधा शेवाळ खाणारा. टोकदार, काळं आणि अंग केसाळ असेल तर मांसाहारी धरून चाला. हा नियम शंभर टक्के नाही, पण उपयोगी आहे. तुमचा दुसऱ्या गटातला दिसतोय.

काचेचा उंच ग्लास खडकाला तिरका टेकवून ठेवा, तळात कोळंबीचा तुकडा. खेकडा आत उतरतो, गुळगुळीत काचेवरून त्याला परत चढता येत नाही.

कळंबा_नवखा
मध्येच विचारतो, माफ करा. एवढ्या भानगडी असतील तर आपण सुट्टीत मालवणला जातो तेव्हा तिथूनच खडक आणले तर? गगनबावड्यातून तीन-चार तासांत घरी. ताजे राहतील, काही मरणार नाही.

रत्नागिरीकर
नाही. अजिबात नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, समुद्री काकड्या आणि समुद्रघोडेही. 2001 पासून. खडकावर प्रवाळाचा चट्टा असला की तो खडक उचलणं म्हणजे वाघाच्या बरोबरीच्या यादीतला गुन्हा. मालवणचा समुद्र तर 1987 पासून सागरी अभयारण्य. दुकानातून घेतानाही खडक कुठला ते विचारा, उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका.

नवख्यांना माझा सल्ला: कोरडा किंवा सिरॅमिक खडक घ्या, बाटलीतले जीवाणू टाका आणि थांबा. यादीतल्या निम्म्या भानगडी येतच नाहीत. कोपेपॉड वगैरे बारीक, चांगले जीव मागाहून आणता येतात.

खारट_पाणी
इथं माझं थोडं वेगळं मत. कोरड्या खडकाचा टँक सुरुवातीला फार कुरूप शेवाळी टप्प्यातून जातो, आणि ब्रिसल वर्म, कोपेपॉड, ॲम्फिपॉड नसल्यामुळे तो लांबतो. मला खडकाबरोबर आलेले जीव हवे असतात, फक्त वेगळ्या डब्यात ठेवून, अंधारात, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) लावून, अमोनिया शून्य होईपर्यंत. त्या काळात रोज रात्री टॉर्च. जे पकडायचं ते तिथंच पकडून होतं. पण कायद्याच्या बाबतीत रत्नागिरीकरांशी शंभर टक्के सहमत.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. वीज गेली की पंप थांबतो, ऑक्सिजन उतरतो आणि किडे फटींतून वर येऊन खडकाच्या माथ्यावर बसतात. पावसाळ्यात अचानक डझनभर ब्रिसल वर्म दिसले तर ते वाढलेले नसतात, गुदमरलेले असतात. बॅटरीचा एअर पंप घरात असू द्या. खरोखरच वाढले असतील तर खाणं जास्त पडतंय एवढाच अर्थ.

राजारामपुरी_रीफ
अपडेट. तीन खडकांच्या खाली सडलेला स्पंज निघाला, वास असा की घरातले गॅलरीत जाऊन उभे. घासून पाणी बदललं. आज अमोनिया शून्याच्या जवळ, नायट्राइट अजून आहे. क्लाउन पैलवानच्या टँकमध्ये मजेत, आता तो परत द्यायचं नाव काढत नाही.

ग्लासात खेकडा सापडला. फोटो जोडलाय. नांगी काळी आणि टोकदार.

आवाजाचा खडकही सापडला. सोडा मारल्यावर कोळंबी निघाली, एक नांगी दुसरीच्या तिप्पट. डोळे देठावर नाहीत. म्हणजे पिस्तुल ना? परत टँकमध्ये सोडू?

रत्नागिरीकर
पिस्तुलच. सोडा परत. आवाजाची सवय होईल.

ताराराणी_चौक
फोटो बघितला, झँथिडच आहे. मारायची गरज नाही, संपमध्ये ठेवा, पडेल ते खाऊन जगेल. फक्त रिटर्न पंपाच्या खणात नको, आणि संपला जाळी लावा. वायर धरून वर चढतात.

पैलवान_ॲक्वा
क्लाउन देतो रं. पण आधी सांगा, त्या पिस्तुलबरोबर गोबी मासा राहतो म्हणतात, एका बिळात दोघं. आणू का ह्याच्यासाठी एक?

खारट_पाणी
खडकातून आलेली पिस्तुल बहुतेक गोबीशी जोडी करत नाही, ती खडकात राहणारी जात वेगळी. जोडी करणारी टायगर पिस्तुल वेगळी घ्यावी लागते, आणि तिला बीळ खणायला जाड वाळूचा थर लागतो. राजारामपुरी, नायट्राइट शून्य आल्यावर आधी क्लाउन परत आणा, मग ऐप्टॅसियाला चुना, गोबी त्यानंतर. टेस्टचे आकडे याच धाग्यावर टाकत राहा.